तुम्ही मूळचे कुठले?

घरात माणसं दोनच, मी आणि हे. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरूला. पण हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरात दीडेकशे जण बिऱ्हाड करून राहतात आणि त्यांतल्या एकाचंही तोंड आपण पाहिलेलं नाही, हा शोध मला पंख्यामुळे लागला.

पंखा म्हणजे छताचा नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातला. दुपारची जेवणं आटोपून आम्ही जरा आडवे झालो, की हा घूंऽऽ करून सुरू. कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नाही, बिलं छापायची नाहीत, काही नाही. मी उठून जावं, माउस हलवावा, खुर्चीत बसावं, की मिनिटाभरात चिडीचूप. पुन्हा येऊन डोळा लागतोय तोच घूंऽऽ. ह्यांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूने आवाज केला की ह्यांचं निदान ठरलेलं. "बेअरिंग गेलंय." मिक्सर, वॉशिंग मशीन, माझा गुडघा, सगळ्यांना आजवर हेच निदान मिळालेलं आहे.

मला धास्ती वेगळीच. मी सोसायटीची खजिनदार. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंडाचा हिशेब आणि मुख्य म्हणजे थकबाकीदारांची यादी त्या डब्यात. ती यादी बाहेर फुटली तर सोसायटीत जे होईल, त्यापेक्षा व्हायरस परवडला.

चिरंजीवांना फोन लावला.

"आई, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब."

"एकदम म्हणजे एकामागून एक?"

"एकदम म्हणजे एकदम!"

"मग फोन कशात धरू?"

शेवटी हे उठले. कंट्रोल आणि शिफ्ट ह्यांनी धरलं, एस्केप मी दाबलं. लग्नानंतर दोघांनी मिळून, न भांडता केलेलं हे बहुधा पहिलंच काम.

उघडला तो टास्क मॅनेजर. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर नावाच्या प्रोग्रॅमरने तो आधी घरच्या घरी, स्वतःच्या सोयीसाठी लिहिला होता म्हणे. १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर तो सगळ्या जगाच्या हाती आला. यंत्राच्या आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला दिसावं, एवढाच त्या भल्या माणसाचा हेतू. दिसल्यावर वापरणाऱ्याला झोप लागेल का, हा विचार प्रोग्रॅमर लोक करत नाहीत.

यादी वाचायला घेतली. सीएसआरएसएस. एलएसएएसएस. एसएमएसएस. सीटीएफमॉन. डब्ल्यूएमआयपीआरव्हीएसई. हाक मारायची म्हटली तर मारणार कशी? आणि एसव्हीसीहोस्ट नावाचे तर साठ-सत्तर जण, एकाखाली एक, त्याच नावाने, मान खाली घालून उभे.

"टोळी आहे," हे म्हणाले.

चिरंजीव फोनवरून ओरडत होते, "आई, त्यांना हात लावू नकोस! ते विंडोजचेच आहेत. विंडोजच्या सेवा स्वतः धावत नाहीत, त्यांना असा एक यजमान लागतो."

"साठ-साठ यजमान?"

मग खुलासा झाला तो असा. पूर्वी एकेका एसव्हीसीहोस्टच्या आश्रयाला बऱ्याच सेवा दाटीवाटीने राहायच्या. एक कोसळली की बाकीच्यांनाही घेऊन पडायची. म्हणून २०१७ च्या विंडोज १० च्या सुधारणेत ठरवलं, की यंत्रात साडेतीन जीबीहून जास्त मेमरी असेल, तर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान द्यायचा. कोण पडलं, कुणामुळे पडलं, हेही मग लगेच कळतं.

"म्हणजे वेगळे निघाले," हे म्हणाले. "मग मेमरी पुरायची कशी?"

यादीच्या टोकाला एक महाभाग सापडला. सिस्टिम आयडल प्रोसेस. त्याच्यासमोर आकडा होता ९६. शंभरातले ९६ टक्के एकटाच खातोय! ह्यांनी चष्मा पुसला, मी पदर खोचला. चोर सापडला होता. चिरंजीव हसत सुटले. हा गृहस्थ म्हणजे कुणी नाहीच. प्रोसेसर जितका वेळ रिकामा बसलाय तेवढा वेळ ह्याच्या नावावर मांडतात. म्हणजे जो काहीच करत नाही त्याच्या नावापुढे सगळ्यांत मोठा आकडा, आणि राबणारे खाली शून्य पूर्णांक अमुक टक्क्यांत. मला आमच्या कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त आठवलं, पण मी खजिनदार आहे, अध्यक्षांबद्दल बोलणं बरं नव्हे.

तरी मी हार मानली नाही. नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघायचं काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं होतं, आणि अनोळखी माणूस पारखायची तीच एक विद्या मला येते. नाव विचारायचं, गाव विचारायचं, घराणं बघायचं आणि वडील काय करतात ते काढून घ्यायचं. चिरंजीवांना हे सांगितलं तर ते क्षणभर गप्पच झाले. म्हणाले, "आई, अगदी हेच करायचं असतं."

तेव्हा नावापासून सुरुवात केली. नावावर जायचं नाही, हे स्थळांच्या बाबतीत मला ठाऊक होतंच. इथेही तसंच निघालं. एलएसएएसएस हा पासवर्ड तपासणारा विंडोजचा मानकरी. पण त्याच्या पहिल्या लहान एलच्या जागी मोठा आय घातला की पडद्यावर दोन्ही उभी काडीच दिसते, आणि भामटा त्याच नावाने घरात वावरतो. कुणी एसव्हीसीहोस्टमधली दोन अक्षरं उलटीपालटी करून येतो, कुणी ओच्या जागी शून्य लावून. उलट खऱ्या सज्जनांची नावं ऐकून छातीत धडकी भरावी. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हे नाव वाचून ह्यांनी "हा बघ, मालवेअर!" म्हणून मला हलवून जागं केलं, तो विंडोजचाच पहारेकरी निघाला. ॲपलचा बोंजूर नावाचा एक निरुपद्रवी मदतनीस आहे, घरच्या नेटवर्कवर प्रिंटर-बिंटर शोधून देणारा. त्याच्या काही जुन्या आवृत्त्यांनी सेवांच्या यादीत स्वतःचं नाव म्हणून दोन दोन हॅश, आयडी-स्ट्रिंग आणि पुढे अर्धा फूट आकडे-अक्षरांची माळ लावली होती. जगभर लोकांनी त्याला दरोडेखोर समजून हाकललं. बिचाऱ्याला फक्त प्रिंटर सापडवून द्यायचा होता.

मग गाव. नावावर उजवी कळ दाबली की "फाइल कुठे आहे ते उघडा" असा पर्याय येतो. खऱ्या एसव्हीसीहोस्टचं गाव विंडोजमधलं सिस्टिम ३२. तोच माणूस डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प नावाच्या फोल्डरात मुक्कामाला दिसला, तर समजायचं काहीतरी काळंबेरं आहे. हे मला फारच पटलं. पण एक सिस्वॉव ६४ नावाच्या फोल्डरातला भेटला.

"हे गाव कुठलं?"

"तेही चालतं," चिरंजीव म्हणाले. "जुने ३२ बिटवाले प्रोग्रॅम तिथे असतात."

"६४ मध्ये ३२ वाले?"

"हो."

"मग ३२ मध्ये?"

"६४ वाले."

मी फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या कल्याण सबडिव्हिजनचं ऑफिस उल्हासनगरला होतं."

घराणं म्हणजे डिजिटल सही. फाइल कुठल्या कंपनीची, हे त्या सहीवरून कळतं. पण इथेही पत्रिका जुळता जुळत नाहीत. विंडोजच्याच कित्येक फायलींच्या गुणधर्मांत सहीचा रकाना दिसतच नाही, कारण त्यांच्या सह्या एका वेगळ्या कॅटलॉगात ठेवलेल्या असतात. म्हणजे घराणं इतकं मोठं की बायोडाटा द्यायची पद्धत नाही. आणि सही आहे म्हणून हुरळावं, तर २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट ह्या मालवेअरकडे तैवानच्या दोन नामांकित कंपन्यांच्या अस्सल सह्या होत्या. चोरलेल्या. त्यापेक्षा पूर्वीचे लोक सरळ. १९८६ सालचा ब्रेन नावाचा व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, आणि त्यात स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले. हल्ली असा मोकळा स्वभाव राहिला नाही.

राहिले वडील. कुठला प्रोग्रॅम कुणी सुरू केला, ही वंशावळ बघायला चिरंजीवांनी प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं साधन उतरवून घ्यायला लावलं. मार्क रुसिनोविच ह्या गृहस्थांनी ते लिहिलं आणि २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांच्या कंपनीसकट त्यांनाही आपल्यात घेतलं. चौकशा करणाऱ्या माणसाला घरात घेतलेलं बरं, बाहेर फार बोलतो. ह्या साधनात सगळं झाड रंगीत दिसतं. गुलाबी म्हणजे सेवा, हिरवा म्हणजे नुकताच जन्मलेला, लाल म्हणजे नुकताच गेलेला. मी प्रत्येक लाल पट्टीला धोका समजून किंचाळत होते आणि ती प्रत्येक वेळी आपोआप नाहीशी होत होती, त्यामुळे आपल्या ओरडण्याचा उपयोग होतो असा माझा बरेच दिवस समज होता. एसव्हीसीहोस्टचे वडील सर्व्हिसेस, सर्व्हिसेसचे वडील विनइनिट. विनइनिटचे वडील? तिथे लिहिलं होतं, अशी प्रोसेस अस्तित्वात नाही. मुलाला जन्माला घालून हे गृहस्थ निघून गेलेले. सबंध खानदानाचा मूळपुरुष बेपत्ता, आणि चिरंजीव म्हणतात, "तसंच असतं, नॉर्मल आहे." नणंदेच्या मुलीसाठी असं स्थळ आलं असतं तर मी जिन्यातूनच परत पाठवलं असतं.

एव्हाना बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती आणि अण्णा खाली आले. अण्णा बँकेतून निवृत्त. शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं वेष्टण अण्णांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं, तेव्हापासून ह्या विषयातला अधिकार त्यांच्याकडे आहे. व्हायरस पकडण्याचा धंदा पुण्याने जगाला शिकवला, असं ते नेहमी सांगतात. काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्याशा कामातून सुरुवात करून क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी केली, हे खरंच आहे. पण अण्णा हे अशा आवाजात सांगतात की तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर धरायला तेच उभे होते असं वाटावं.

"वहिनी, मी २००२ साली सबंध शाखा वाचवली आहे," अण्णा म्हणाले.

"कशापासून?"

"अस्वलापासून."

हा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे, कारण अशा शाखा जगभर वाचल्या. त्या वर्षी एक ई-मेल फिरत होती. तुमच्या कॉम्प्युटरात जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा. तिच्यावर टेडी बेअरचं चित्र असेल. हा भयंकर व्हायरस आहे, कुठल्याच अँटीव्हायरसला सापडत नाही, १४ दिवस गप्प बसतो आणि मग सगळं खलास करतो. ताबडतोब उडवा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोकांनी धडधडत्या छातीने शोध घेतला, आणि अस्वल होतं! प्रत्येकाकडे होतं, कारण ती फाइल विंडोजबरोबर येणारी, जावा प्रोग्रॅमरांच्या कामाची साधी फाइल होती, आणि कुणा हौशी माणसाने तिला खरोखरच अस्वलाचं चित्र दिलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी अशीच एक ई-मेल सल्फएनबीके नावाच्या फाइलीबद्दल फिरून गेली होती. तीही निर्दोषच. दोन्ही वेळेला व्हायरस कुठेही नव्हता. होतं ते फक्त पत्र. बाकीचं सगळं काम लोकांनी स्वतःच्या हाताने, वेळात वेळ काढून केलं. अण्णांनी तर ती ई-मेल विभागीय कार्यालयालाही पाठवली होती.

"पण अण्णा, ते अस्वल निरपराध होतं."

"असेल. पण तुम्ही त्याचे डोळे बघितले नव्हते."

माणसाचं सोडा, पहारेकऱ्यांचीही कधीकधी अशीच गत होते. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी ह्या नावाजलेल्या अँटीव्हायरसने सकाळचं अद्ययावत ज्ञान वाटलं, आणि त्या ज्ञानानुसार विंडोज एक्सपीमधला अस्सल एसव्हीसीहोस्टच व्हायरस ठरला. जगभरच्या कचेऱ्यांत पहारेकऱ्याने मालकाला कोठडीत घातलं. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले, नेटवर्क गेलं. अमेरिकेत काही रुग्णालयांना तातडीचे नसलेले रुग्ण परत पाठवावे लागले; ऑस्ट्रेलियात एका सुपरमार्केट साखळीची गल्ल्याची यंत्रं बंद पडून दुकानांना टाळं लागलं. चिरंजीवांनी हे मला धडा म्हणून सांगितलं होतं. अण्णांनी ते ऐकून निष्कर्ष काढला, "बघा, म्हणजे एसव्हीसीहोस्टवर मोठ्यामोठ्यांना संशय आहे."

आणि त्यांनी माउस हातात घेतला.

चिरंजीवांचा एक नियम होता: संशयिताला बंद करून बघायचंच असेल, तर तो परत येतो का ते बघायचं. परत उगवला तर तो एकतर सिस्टिमचा असतो, नाहीतर पक्का चोर असतो. अण्णांनी ह्यातलं "बंद करून बघायचं" एवढंच ऐकलं. पहिल्यांदा त्यांनी "एक्सप्लोरर" संपवला, कारण नावावरून तो कुठेतरी हिंडत असणार. पडद्यावरची सगळी चित्रं, खालची पट्टी, सुरुवातीचं बटण, सगळं एका क्षणात नाहीसं. मागे उरला फक्त चिरंजीवांच्या मुंजीचा फोटो. "घर साफ झालं," अण्णा समाधानाने म्हणाले. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर ऑडिओडीजी गेला, आणि ह्यांची ह्याच कॉम्प्युटरवर बघायची मॅच मुकी झाली. ती गोष्ट ह्यांनी मनाला लावून घेतली. नंतर स्पूलएसव्ही. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून त्याच्यावर सर्वांत जास्त संशय. तो छपाईचा कारकून होता हे दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा वार्षिक सभेची नोटीस छापायला मी बसले आणि प्रिंटर माझ्याकडे बघत बसला. कायद्याने नोटीस १४ दिवस आधी पोचायला लागते. ती मी हाताने लिहून झेरॉक्स काढली आणि थकबाकीदारांपैकी एकाने "अक्षर लागत नाही" म्हणून हरकत नोंदवली.

विनइनिटपाशी मात्र विंडोजनेच हात जोडले. हा बंद केला तर यंत्र कोसळेल, तरीही करायचं का, अशी पाटी आली आणि खाली एक चौकोन, खूण करायला. अण्णांचे डोळे चमकले. अशी पाटी म्हणजे असल्या माणसांना आव्हानच. ह्यांनी वायर उपटली.

आता मला बाहेरच्यांचं मत हवंसं झालं. संशयित फाइल व्हायरसटोटलवर चढवली की सत्तरेक अँटीव्हायरस एकाच वेळी आपापलं मत देतात. कल्पना उत्तम. पण सत्तरांतले एकोणसत्तर म्हणतात निर्दोष आणि एकटा म्हणतो धोका, की मग आपल्या घरात त्या एकट्याच्याच नावाची चर्चा. "तो कशाला खोटं बोलेल?" हे म्हणाले. "त्याचा काय फायदा?" मी उत्साहाच्या भरात पंख्याच्या आवाजाच्या वेळी उघडी असलेली प्रत्येक फाइल चढवायला निघाले होते, तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. तिथे चढवलेली फाइल वर्गणीदार संशोधकांना पाहता येते. थकबाकीदारांची यादी जगातल्या सत्तर अँटीव्हायरसांनी तपासून निर्दोष ठरवली असती, असा प्रसंग थोडक्यात टळला.

ह्याच दरम्यान अण्णांच्या सल्ल्याने घरात रक्षणकर्ते वाढत गेले. कुणाच्या नावात गार्ड, कुणाच्या नावात क्लीन, कुणाच्या नावात दोन्ही. त्यांच्यापैकी एक जण दर अर्ध्या तासाने "तुमच्या यंत्रात ८१४ अडचणी सापडल्या, पैसे भरा" असं सांगायचा. पैसे न भरता पुन्हा विचारलं की ९३० सापडायच्या. दुसऱ्याने पहिल्याला पकडला. तिसऱ्याने दुसऱ्याची कोठडी उघडून आत काय आहे ते तपासायला घेतलं. पंखा आता दुपारची वाट बघत नव्हता. चोवीस तास घूंऽऽ. निदान पूर्वी मी जवळ गेल्यावर तो गप्प तरी व्हायचा.

हे वाक्य मी फोनवर सहज बोलले आणि चिरंजीवांचा आवाज एकदम बदलला. "आई, काय म्हणालीस? तू गेलीस की गप्प?"

कारण काही भामटे खरोखरच असे असतात. परक्याच्या कॉम्प्युटरवर गुपचूप आभासी चलन खणत बसतात, प्रोसेसर पिळून काढतात, आणि टास्क मॅनेजर उघडला रे उघडला की हात झाडून स्तब्ध. मालक गेला की पुन्हा खोदकाम. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या हॉलमध्ये, दुपारी, आम्ही झोपल्यावर, कुणीतरी पैसे कमावत होतं, आणि वीजबिल आम्ही भरत होतो! ह्यांना त्यातला दुसरा भाग असह्य झाला.

मग चिरंजीव रजा टाकून आले. आधी त्यांनी सगळे रक्षणकर्ते हाकलले, विंडोजचा स्वतःचा तेवढा ठेवला. रात्ररात्र तपासणी केली. एकेक नाव, गाव, घराणं, वडील. यंत्र रिकामं असताना विंडोज स्वतःची झाडलोट करतं, आपण आलो की थांबतं, हा एक संशय होता; तोही वेळा ताडून बघितला. खोदकाम करणारा कुणी सापडला नाही. दीडेकशेच्या दीडेकशे जण सालस निघाले. आणि दुपारी, जेवणं झाल्यावर, घूंऽऽ.

कामाला येणाऱ्या मावशी हॉल पुसत होत्या. आम्ही तिघं आतल्या खोलीत, दारातून कानोसा घेत, कारण जवळ गेलं की तो सावध होतो असं ठरलं होतं.

"दादा, असे लपून काय बघताय?" मावशींनी विचारलं.

"शूऽऽ. आवाज कसला येतो ते बघतोय."

"मासे आल्यावर येतो की."

"कुठले मासे?"

मावशींनी पोछ्याच्या काठीने पडद्याकडे बोट केलं. मागे कधीतरी ह्यांनी हौसेने बसवलेला मत्स्यालयाचा स्क्रीनसेव्हर. यंत्राला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की तो सुरू होतो: सोनेरी मासे, हलतं पाणी, बुडबुडे, पोवळ्यांवर पडणारं ऊन, मधूनच एक खजिन्याची पेटी उघडते आणि मिटते. ते ऊन आणि ते पाणी हलवताना आमच्या जुन्या यंत्राची दमछाक व्हायची. माउस हलवला की मासे जात, आणि पंखा गप्प बसे. इतके दिवस ते काचेला नाक लावून आमच्यासमोर पोहत होते. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, गाव तर नाहीच. चिरंजीवांनी पाहिलं तर ती फाइल डाउनलोड्समध्ये, सही नाही, घराणं नाही, कंपनीच्या रकान्यात काही नाही. चौकशीत साफ नापास.

"हे काढून टाकतो," चिरंजीव म्हणाले.

"खबरदार," हे म्हणाले. "ते आपले आहेत."

तडजोड अशी झाली की मासे राहतील, पण पाणी हलणार नाही. अण्णांना कळवलं तेव्हा ते म्हणाले की माशांवर त्यांचा पहिल्यापासून संशय होता, विशेषतः त्या पट्ट्यापट्ट्यांच्या.

परवा दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज तरतरीत.

"मॅडम, हम विंडोज के हेड ऑफिस से बोल रहे हैं. आपके कम्प्यूटर में बहुत खतरनाक व्हायरस है."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ह्या विषयावर माझ्याशी आपणहून बोलायला आलेलं हे पहिलंच माणूस. घरातले सगळे तर मला बघून खोली बदलत होते.

"कौनसा?" मी पदर सावरून बसले. "एसव्हीसीहोस्ट नहीं ना? क्यूंकि वो अपना ही है. उसका गाव सिस्टिम ३२ है."

"मॅडम, आप विंडोज का बटन और आर दबाइए, मैं दिखाता हूँ, लाल-पीले एरर आएँगे..."

"वो इव्हेंट व्ह्यूअर है. वो सबके कम्प्यूटर में आते हैं. वो बाद में देखेंगे. पहले ये बताइए, आप मूळ के कहाँ के?"

"जी?"

"आपका गाव. आप बोलते हेड ऑफिस, लेकिन आपका फाइल लोकेशन कुछ दूसरा लगता है. और आपके ऊपर कौन है? मतलब आपको चालू किसने किया?"

पलीकडे शांतता. मागे आणखी दहा-बारा जण त्याच सुरात तेच बोलत असल्याचं ऐकू येत होतं. सगळे एकाच नावाचे असावेत.

"मॅडम, आप एनीडेस्क डाउनलोड कीजिए ना."

"करेंगे. आपके पास सही है? डिजिटल? आजकल सही भी चोरी की होती है, आपको मालूम होगा. तैवान में क्या हुआ वो सुनाऊँ? और हमारे यहाँ मछलियाँ थीं, बहुत लंबा किस्सा है, आप बैठे हो ना?"

मी अस्वलापर्यंत पोचले होते तेवढ्यात खट्‌ आवाज झाला. मी हॅलो हॅलो केलं, उलट फोन लावला, लागला नाही.

"कोण होतं?" ह्यांनी पेपरामागून विचारलं.

"अनोळखी होता. आपणहून बंद पडला."

"पाच मिनिटं थांब," हे पान उलटत म्हणाले. "परत उगवला नाही तर सिस्टिमचा नव्हता."